घरटी एक हात

१७ सप्टेंबर १९९४, शनिवार

आले बाई एकदाची नाशकात! सुरगाण्याच्या एस.टी.ने हाडं खिळखिळी केली, पण खोली बघितली आणि सगळा शीण गेला. पत्र्याची का असेना, स्वतंत्र मोरी आहे! पंचवटीच्या मागे मळे सुरू होतात, तिथे आमची गल्ली. घरमालकीण मंगलाबाई झेंडू पिकवतात आणि माळा विकतात. मी नर्स म्हटल्यावर म्हणाल्या, आधी माझा गुडघा बघ, मग खोली बघ. मला बाई आवडली.

सोमवारपासून दवाखान्यात रुजू. आमच्या पाड्यावरची पहिली नर्स मी, नवसा! आरशात बघून दोनदा हसले.

एक मात्र वाईट केलं. मंगलाबाईंनी विचारलं, गावी कोण कोण. धाकटा भाऊ गोटीराम सुरतेला लूमवर मजुरी करतो, हे सांगायची लाज वाटली. म्हटलं, मागेपुढे कोणी नाही. त्यांनी 'अगं माझे बाय' म्हणत मला पोटाशी धरलं, मग खरं सांगायची सोयच राहिली नाही. ज्याने मागावर राबून माझ्या शिक्षणाला हातभार लावला, त्यालाच मी पुसून टाकलं. जाऊ दे, दिवाळीला सांगेन.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

सुरतेत प्लेग! दवाखान्यात सकाळपासून तोंडाला रुमाल बांधलेल्यांची रांग. कोणाला काही झालेलं नाही, सगळ्यांना कॅप्सूल मात्र हव्यात. एक म्हातारा मेलेला उंदीर डब्यात घालून दाखवायला घेऊन आला. मी त्याला असा झापला की डबा टाकून पळाला.

हसते खरी, पण गोटीराम तिथेच आहे. गोटीरामचा काहीच निरोप नाही.

२५ सप्टेंबर, रविवार

सुरगाण्याहून जीप चालवणारा सावळीराम पेठ नाक्यावर भेटला. गोटीराम जिवंत आहे! धरमपूरमार्गे चालत, ट्रकला लोंबकळत घरी पोचला. ताप नाही, खोकला नाही. तरी पाड्याने त्याला गावाबाहेर खळ्यातल्या झोपडीत ठेवलंय आणि भाकरी लांबून फेकतात. आपलीच माणसं! संतापाने माझं डोकं फिरलं.

२७ सप्टेंबर, मंगळवार

आज गल्लीने मरीआईचा गाडा काढला. हातगाडीला लिंबाचे डहाळे, हिरव्या बांगड्या, दहीभात, एक जिवंत कोंबडी. रोगराई गाड्यावर बसवायची, दोर बांधून शिवेपार ओढायची आणि तिथे सोडून परत यायचं. घरटी एका माणसाने दोराला हात लावायचाच. मागे वळून बघितलं तर आई परत घरी येते म्हणे. शहरात कसली आलीय शीव! नाल्याला शीव ठरवलंय.

गल्लीचे पुढारी भिमाजी मला म्हणाले, सिस्टर, तुम्ही पण आता आमच्याच. मला बरं वाटलं, खोटं का बोलू. आमच्याकडेही गाडा काढतात, त्यामुळे दोर धरायला कोणी शिकवावं लागलं नाही.

नाल्यापलीकडची गल्ली लगेच बाहेर आली आणि गाडा पुढच्या शिवेकडे ओढू लागली. आपल्या दारात कोण ठेवून घेईल?

२९ सप्टेंबर, गुरुवार

घर ते दवाखाना चालत गेले. रविवार कारंज्यावर भर सकाळी एक कुत्रं आडवं झोपलेलं, त्याला उठवायलासुद्धा गाडी नाही. शटरं खाली. गोदेच्या घाटावर पितृपक्ष असून माणूस नाही, शिळ्या पिंडांवर कावळे मात्र माजलेत. माझ्याच चपलांचा आवाज ऐकून मी दोनदा थांबले.

वाटेत एका दुकानाच्या पायरीवर रक्त होतं. पानवाल्याने फळी किलकिली करून सांगितलं, काल सुरतेहून आलेल्या नवरा-बायकोला इथे बांबूंनी झोडपलं. हात कोणी लावला नाही. रोग लागतो ना! म्हणून लांब बांबू.

डॉक्टर दोन दिवस आलेले नाहीत. किल्ल्या माझ्याकडेच.

संध्याकाळी सावळीराम नाक्यावर भेटला, म्हणाला, काल रात्री पाड्यावर कोणी गोटीरामच्या झोपडीला काडी लावली. गोटीराम निसटला. सावळीरामला सांगून टाकलं, उद्या त्याला घेऊन ये. बारा वाजता मी नाक्यावर उभी असेन आणि थेट दवाखान्यात नेऊन लपवेन. गोट्याला निरोप दिला, सुरतेचं नाव काढू नकोस. काहीही झालं तरी माझं नाव घेऊ नकोस.

३० सप्टेंबर, शुक्रवार. दुपार

नीट लिहिते.

साडेअकराला नाक्याकडे निघाले तर भिमाजींनी अडवलं. आज पुन्हा गाडा. म्हटलं, तातडीचा पेशंट आहे. ते म्हणाले, घरटी एक हात, सिस्टर, का तुमच्या घरात काही लपवायचंय? सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली. मी दोर धरला.

गाड्यावर हिरव्या साडीखाली काहीतरी बांधलेलं, मोठं. मंगलाबाई म्हणाल्या, या खेपेला कोंबडीने भागायचं नाही, बोकड आहे. साडी हलत होती. मागून पोरं दगड मारत होती. दगड लागला की हुंकार यायचा, दाबलेला. बोकड असा ओरडत नाही. मला ते कळत होतं. कळत होतं आणि मी ओढत होते. बारा वाजत आलेत, गोट्या वाट बघतोय, एवढंच डोक्यात. मंगलाबाई ओरडल्या, नवसा, जोर लाव! त्यानंतर हुंकारसुद्धा बंद झाला.

मागे बघितलं नाही. कोणीच नाही.

नाक्यावर धावत गेले. सावळीराम जीपखाली लपला होता, कपाळ फुटलेलं. जीप दहालाच पोचली होती. आमच्या गल्लीच्या पोरांनी पिशव्या तपासल्या. गोट्याच्या पिशवीत सुरतेच्या मिलचं कार्ड सापडलं. कोणाकडे आलास विचारत त्याला बांबूंनी मारलं, दात पाडले. तो एकच सांगत राहिला, माझं इथं कोणी नाय.

साडीखाली तोच होता. मंगलाबाईंच्या तोंडून माझं नाव ऐकून गप्प झाला. मी ओढतेय हे त्याला कळलं होतं.

३० सप्टेंबर. चार वाजता

नाल्यावर गाडा नाही. पुढे ओढला. त्या गल्लीत सगळी दारं बंद, एका खिडकीतून बोट फक्त — पुढे. पुढच्या गल्लीतही बोट. पुढे. एवढं मोठं शहर आणि एका माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही. रस्त्यावर रक्ताचे थेंब आहेत, त्यांच्या मागे चालतेय. मध्ये थेंब संपले. बंद शाळेपाशी परत सापडले. इथे त्याच्यावर पुन्हा दगड — खूप दगड पडलेत. पुढे थेंब दिसत नाहीत, म्हणून पायरीवर बसून लिहितेय. देवा, त्याला जिवंत ठेव, मी गल्लीला सगळं सांगेन, चौकात उभी राहून सांगेन —

चाकाचा आवाज.

३० सप्टेंबर. सव्वासहा

दवाखान्यात आहोत. दोघंही.

वीसेक माणसं ओढत होती. मी गाड्यापुढे आडवी झाले. ओरडून सांगितलं, हा गोटीराम, माझा सख्खा भाऊ. साडी मीच काढली. एक डोळा राहिलेला नाही. लोक दोर टाकून मागे सरले. मी त्याला शिवले होते ना, म्हणून मलाही कोणी हात लावेना. मी एकटीने गाडा इथवर ओढला. सगळे मागून येत राहिले, लांबून. वाटेत आमच्या गल्लीचेही मिळाले.

दार आतून लावलंय. छातीत आवाज नाही, ताप नाही. त्याला प्लेग नाही! खिडकीतून ओरडून सांगितलं. दगडाने काच फुटली. भिमाजी म्हणतात, दोघांना बाहेर काढा. मंगलाबाई रडतेय. रॉकेलचा डबाही तिनेच धरलाय.

त्याचे हात धुतले. बोटं मोडलीत. मी म्हटलं, गोट्या, मी तुला ओढलं रे. तो म्हणाला, ताई, तुझा जोर लय कमी पडला.

हसला. रक्त आलं.

दाराखालून रॉकेल आत —

तो उठलाय. भिंत धरून. खिडकीशी. ओरडतोय — ही बाई माझी कोणी नाय, मी पकडून आणली हिला, हिला सोडा, मी येतो —

खोटं. खोटं बोलतोय. मी ओरडतेय पण बाहेरच्या गलक्यात —

दाराच्या कडीला हात घातलाय. मोडक्या बोटांनी. मी त्याच्या कमरेला मिठी — वही गुडघ्यावर — गोट्या, नको, ते तुला — मी सोडणार नाही, या वेळी मी तुला सो