गाडीवाटेवरची तार

प्रिय रामलिंग,

तुझा फोन सकाळपासून बंद लागतो आहे, म्हणून हे पत्र. उद्या वेळ अमावस्या, शेतावर पूजा-जेवणाचा दिवस. घरात भाज्या निवडणे चालले असेल, आंबिलीच्या मडक्याला चुना लावला गेला असेल, आणि तू शेतातल्या पूजेच्या कोपीसाठी कडबा जमवण्याच्या खटपटीत असशील. आईंचे गुडघे थंडीत दुखतात, त्यांना ओल्या अंगणात बसू देऊ नये. हे सर्व सांगण्यासाठी मात्र मी लिहीत नाही. मला एका तारेविषयी लिहायचे आहे. तुझ्या शेतातून जाणाऱ्या गाडीवाटेवर, खालच्या विहिरीच्या अलीकडे, दोन बाभळींच्या मध्ये एक बारीक लोखंडी तार आडवी ताणून बांधलेली आहे. तिची उंची मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्या गळ्याइतकी आहे. ती आज, आत्ता, सोडवली गेली पाहिजे. मला कारणे देण्याची सवय आहे म्हणून पुढचे लिहितो. तू घाईत असशील तर एवढेच वाच आणि पक्कड घेऊन निघ. बाकीचे नंतर वाचलेस तरी चालेल.

तुझी बहीण उज्वला माझ्यामागे गाडीवर बसत असे, तोवर मला कोणत्याही यंत्राची गरज पडली नाही. नांदेडहून निघाल्यावर लोहा, अहमदपूर, चाकूर इथवर मी माझ्या अधिकारात गाडी चालवीत असे. भूगोलाचा प्राध्यापक होतो, तेवढे मला येत होते. चाकूर सुटले की सूत्रे तिच्याकडे जात. ती डावीकडे-उजवीकडे असे कधी म्हणाली नाही. ‘आता वरल्या अंगाला घ्या’, ‘त्या लिंबाच्या म्होरं दमानं, तिथं खड्डा हाय’ असे ती माझ्या हेल्मेटला कपाळ टेकवून ओरडे. मी तिची भाषा सुधारत असे. तिने ती शेवटपर्यंत सुधारली नाही, आणि आम्ही शेवटपर्यंत त्या खड्ड्यात पडलो नाही. ती गेल्यावर मी एकदा तुमच्याकडे यायला निघालो आणि नळेगावच्या फाट्यावर गाडी उभी करून बराच वेळ तसाच राहिलो. रस्ता आठवत नव्हता असे नाही. पुढे निघायला कोणी सांगितले नव्हते, एवढेच. हे मी आमच्या लेकीला, पुनमला, सहज बोललो, आणि त्या मुलीने हैदराबादहून मोटारसायकलच्या हँडलवर बसवायचे हे दिशादर्शक यंत्र पाठवून दिले.

सुरुवातीला हे यंत्र मला लातूर शहरातून, औशावरून, रुंद रस्त्याने निलंग्याकडे आणीत असे. लांब पडे, पण मी तक्रार केली नाही. दिवाळीच्या सुमारास त्यात नवा नकाशा भरला गेला आणि त्याची मर्जी पालटली. आता ते मला चाकूरलाच वळवते. नळेगाव, शिरूर अनंतपाळ, आणि तिथून पुढे डांबरी रस्ता सोडून थेट तुझ्या शेतात. त्या गाडीवाटेने दोन डांबरी रस्ते जोडले जातात आणि निलंग्याला जाणाऱ्याचा मोठा वळसा वाचतो. चारचाकीला ते यंत्र हा मार्ग सांगत नाही, फक्त मोटारसायकलला सांगते. तसे ते का करते, हेही मला ठाऊक आहे. त्याकडे मी येतो आहे.

दिवाळीनंतर तू मला फोन केला होतास. तुझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण त्यानंतर तू मला फोन केलेला नाहीस. ‘दाजी, कुठली कुठली माणसं माझ्या हरभऱ्यातून गाड्या घालून राहिलीत. इचारलं तर म्हणतेत, मॅप दाखवून राहिला. माझ्या बापाच्या शेताचा मॅप ह्यांच्या खिशात कसा काय आला? तुम्ही भूगोल शिकवलाव ना, सांगा बरं त्या मॅपवाल्याला.’ मी म्हणालो, चौकशी करतो. तू म्हणालास, ‘तुमची चौकशी व्हईस्तोवर माझ्या हरभऱ्याचं घाटं गळून जाईल.’ आणि हसलास. मी हसलो नाही, एवढे तुझ्या लक्षात आले असेल. त्या दिवशी मी तुला काय सांगायला हवे होते, ते या पत्रात आहे.

आज पहाटे मी नांदेडहून निघालो. यंदा वेळ अमावस्येचे बोलावणे आलेले नाही, हे मला माहीत आहे. बहीण असेपर्यंत बोलावणे हा केवळ उपचार असतो, आणि ती नसली की तोच उपचार सगळे काही होऊन बसतो, हे मी समजू शकतो. तुझ्यावर रोष नाही. घरी न येता, गाडीवाटेने जाऊन मोठ्या रस्त्याने परत फिरायचे, असा माझा बेत होता. सकाळी वाटेला लागलो तेव्हा ऊन कोवळे होते आणि गवत ओले होते. मी नेहमीप्रमाणे सावकाश होतो. बाभळींपाशी आलो आणि हवेत एका ओळीत चमकणारे थेंब दिसले. आधारच दिसत नव्हता, फक्त थेंब. मी ब्रेक दाबला तेव्हा ती तार माझ्या हेल्मेटच्या काचेपासून हातभर अंतरावर होती. रामलिंग, तारेवर दव होते म्हणून मला ती दिसली. ऊन वर आले, दव वाळले, आणि तार उभ्या जागी नाहीशी झाली. मी स्वतः चार पावले मागे जाऊन पाहिले. तिथे काही आहे हे माहीत असूनही मला ती दिसेना. मी तिला माझा पांढरा रुमाल बांधला.

मी रुमालाची गाठ मारतो तोच मागून एक गाडी आली. मी दोन्ही हात वर करून आडवा झालो. नवरा, बायको, आणि पुढे पेट्रोलच्या टाकीवर बसवलेली एक मुलगी, तांबडी कानटोपी घातलेली. ते देवणीकडे नातेवाइकांच्या शेतावर निघाले होते. तो वैतागला. ‘काका, आडवं काहून आलाव? मॅप तर इकडूनच दाखवून राहिलाय की.’ मागून ती म्हणाली, ‘म्हनलं व्हतं न्हवं मी, मोठ्या रस्त्यानं चला. पर बायकूपेक्षा त्या मोबाईलवर इस्वास.’ मी रुमालाकडे बोट केले. तो खाली उतरला, तारेवरून बोट फिरवीत एका बाभळीपासून दुसऱ्या बाभळीपर्यंत गेला आणि परत आला. मग त्याने मुलीला टाकीवरून उचलून आईच्या मांडीवर दिले आणि गाडी हाताने वळवली. टाकीवर बसलेल्या त्या मुलीची मान तारेच्या खाली गेली असती की नाही, याचा हिशेब माझ्या डोक्यातून तेव्हापासून जात नाही.

(मध्येच उठावे लागले. एका गाडीवर तिघे तरुण होते. त्यांतला एक म्हणाला, ‘आजोबा, टोल नाका कवा चालू केलाव?’ ते हसत परत गेले. हसले ते बरे झाले.)

आता मुख्य गोष्ट. ही तार कोणी बांधली, हे मी विचारणार नाही. कारण ती गाडीवाट नकाशावर कोणी आणली, हे तू विचारशील, आणि त्याचे उत्तर मी आहे. ज्या नकाशावर हे यंत्र चालते, तो लोकांनी मिळून तयार केलेला खुला नकाशा आहे. कोणीही शिकलेला माणूस त्यात आपल्या गावचा रस्ता, विहीर, देऊळ भरू शकतो. उज्वला गेल्यानंतरच्या त्या महिन्यांत मला घरात कोणत्याच खोलीत बसवत नसे. मी संगणकासमोर बसे आणि उपग्रहाच्या चित्रात तुमचे शेत शोधत राही. एके दिवशी विहीर सापडली. मग बाभळी सापडल्या, आणि त्यांच्यामधून गेलेली दोन चाकांची फिकट रेघ. याच वाटेने ती शाळेला जात असे, याच वाटेने आमच्या लग्नानंतर बैलगाडीतून तिची पाठवणी झाली, आणि नकाशावर या जागी कोरी जमीन होती. मला ते सहन झाले नाही. मी ती रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आखली. दुचाकी जाऊ शकते, अशी नोंद केली, कारण आम्ही दुचाकीनेच जात असू. नावाच्या रकान्यात ‘उज्वलाची वाट’ असे लिहिले. वर्गात चाळीस वेळा तरी सांगितले असेल की नकाशावर वाट दिसली म्हणजे तिथून जाण्याचा हक्क मिळत नाही. ते मी स्वतः विसरलो. खरे सांगायचे तर, इतर माणसे त्या नकाशाने चालतात हेच त्या वेळी माझ्या मनात नव्हते. मला वाटले, ही मी माझ्यापुरती आखली आहे.

तुझा फोन आला त्याच दिवशी मी ती रेघ पुसून टाकली. पण मूळ नकाशातून पुसलेली रेघ लोकांच्या यंत्रांतून लगेच पुसली जात नाही. ज्यांनी दिवाळीला नकाशा भरून घेतला, त्यांच्याकडे ती अजून आहे, आणि पुढचा नकाशा भरीपर्यंत राहील. कोणाकोणाकडे आहे, हे कळण्याचा उपाय नाही. तुझी लेक आरती आणि जावई हरिओमराव उद्या नांदेडहून गाडीवर येणार आहेत. त्यांना मी फोन करून मोठ्या रस्त्याने यायला बजावले आहे. कारण सांगितले नाही. ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत त्यांना कोण बजावणार? उद्या तर अख्खा तालुका शेतांकडे निघेल, डोक्यावर टोपल्या, गाडीवर मुले. माझ्या यंत्रात मात्र मी दिवाळीनंतरचा नकाशा मुद्दाम भरलेला नाही. डांबरी रस्ता संपला की त्यातला तो आवाज, सरकारी कारकुनासारखा निर्विकार, म्हणतो, ‘डावीकडे वळा, उज्वलाची वाट.’ घरात तिचे नाव आता कोणी घेत नाही. पुनम घेत नाही, मला त्रास होईल म्हणून. मी घेत नाही, तिला त्रास होईल म्हणून. ते ऐकण्यासाठी मी आज इथवर आलो. तुझा हरभरा तुडवला गेला तो या नावापायी. तुझा राग न्याय्य आहे. वाट बंद करण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. काट्यांचा ढीग टाक, दगड रच, चर खण. लांबून दिसेल असे काहीही कर. फक्त दिसेल असे कर.

हे सगळे घरी येऊन तोंडी सांगायला हवे होते, आणि घर इथून फार लांब नाही, हे मला कळते. पण मी येऊ शकत नाही. मी गाडीवाटेवर, तारेपाशी बसून हे पत्र लिहितो आहे. एका अंगाला मोटारसायकल आडवी उभी केली आहे, दुसऱ्या अंगाला मी आहे. रुमाल मघाच वाऱ्याने तारेभोवती गुंडाळून गेला, तो आता चिंधीएवढाही दिसत नाही. तारेचे पीळ सोडवण्याचा मी बराच प्रयत्न केला. बोटे कापली, म्हणून अक्षर असे आले आहे. हे पीळ तुझ्या हातचे आहेत, रामलिंग, तुझी बहीणही पोत्याचे तोंड असेच आवळत असे, ते माझ्याने सुटत नाहीत. मी निरोप द्यायला उठलो आणि तेवढ्यात कोणी आले तर, या भीतीने मला जागेवरून हलवत नाही. शेजारचा सटवाजी दुधाची किटली घेऊन गावात निघाला आहे, त्याला वरच्या बांधावरच थांबवून ठेवले आहे, तिथून तार दिसत नाही. तोंडी निरोप दिला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झाला असता, आणि तुझ्याविषयी गावाने काही बोललेले मला चालणार नाही. तो म्हणतो आहे, ‘गुर्जी, चिठ्ठी हाय का पोथी? दूध नासून जाईल माझं.’ तेव्हा थांबतो. तू ये. तार तुझ्या हाताने काढ. नंतर मला परत जा म्हणालास तर मी मोठ्या रस्त्याने नांदेडला परत जाईन, आणि पुन्हा विचारल्याशिवाय येणार नाही. पण आत्ता लवकर ये. खालच्या अंगाकडून आणखी एका गाडीचा आवाज येतो आहे, आणि मला एकट्याला दोन्हीकडे पाहणे जमत नाही.

अजूनही तुझाच,
दाजी