बुकुरच्या शेवंतीची ऊब

१६ नोव्हेंबर
पोचले एकदाची! रोमानियात, मेदियाशला उतरले तेव्हा असं लख्ख ऊन पडलं होतं की बॅगा ओढत चढ चढतानाही मी गुणगुणत होते. घरमालक ओक्ताव्हियान बुकुर फाटकाशीच उभे होते. साठीचे, गुबगुबीत, तळहात मऊ. माझ्या अंगणात बाईमाणसानं ओझी उचलायची नाहीत म्हणाले आणि दोन्ही बॅगा स्वतः आत नेल्या. खालच्या दोन खोल्या माझ्या, वर ते एकटेच. मागे त्यांचं काचघर आहे. आत पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीच्या रांगा. गावातले लोक थडग्यांवर वाहायला इथूनच फुलं नेतात. मलाही एक कुंडी मिळाली. संध्याकाळी पावाला वांगी-मिरचीची झाकुस्का लावून खाल्ली. शेगडीची निळी ज्योत बघत बराच वेळ बसले. छान वाटलं.

१८ नोव्हेंबर
गॅसचं मीटर स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. आज शेगडी बंद, खोली तापवणारी भिंतीतली भट्टी बंद, दोन्ही कॉक स्वतः आवळले. तरी मीटरचं शेवटचं लाल चाक फिरतच होतं. घड्याळ लावून पाहिलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, थांबायचं नाव नाही. काकांना सांगितलं तर पोट धरून हसले. जुनं मीटर आहे पोरी, त्याला उचकी लागते, म्हणाले. तू कशाला डोकं शिणवतेस, गॅस मी भाड्यातच धरलाय.
भला माणूस.

२१ नोव्हेंबर
समोरच्या लिओंतिनामावशी आलुबुखारा भरलेले गोळे घेऊन आल्या. बसल्या ते दोन तास. माझ्याआधी इथे सिल्विऊ नावाचा घड्याळजी राहायचा म्हणे. "देवमाणूस हो, पण शेवटी गॅसचोर निघाला!" एवढं बिल माझं नाही म्हणून थकवलं, मग मीटरशी खेळल्याचा ठपका आला, फाटकावर नोटीस डकवली, जानेवारीत गॅस तोडला. फेब्रुवारीत गारठून मेला. बुकुरनं मात्र माणुसकी सोडली नाही, शवपेटीवर हा एवढा शेवंतीचा हार घातला. एक मुलगी होती इटलीत, ती काही आली नाही. कसल्या मेल्या काळजाची, मावशी म्हणाल्या.
मी तिसरा गोळा खाल्ला. छान झालेत म्हणाले.
वहीत तरी खरं लिहिते. ती मुलगी मीच. स्मारांदा. आडनाव नवऱ्याचं, म्हणून कुणाला कळत नाही. बाबा इथे राहायला आले ते मी इटलीला गेल्यावर, त्यामुळे ही गल्ली मला ओळखत नाही. अकरा वर्षं मी परक्यांच्या म्हाताऱ्यांना भरवत होते. इकडे बाबा फोनवर सांगायचे की सगळं बंद केलं तरी चाक फिरतं गं. मी चोरी केली नाही, म्हणायचे.
ते चाक माझ्या डोळ्यांनी बघायला आलेय.

२४ नोव्हेंबर
सापडलं. बुकुर बाजारात गेला तेव्हा भांड्यांचं कपाट ओढलं. मीटरमधून निघणाऱ्या पाइपाला जोड मारलाय. भिंतीच्याच रंगात रंगवलेली नळी, तिला वेगळा कॉक. ती भिंतीतून निघते, एक फाटा वर त्याच्या बॉयलरला, दुसरा काचघराला.
म्हणजे बाबा इथे राहिले ती आठही वर्षं ही शेवंती बाबांच्या नावावर ऊब खात होती. आणि त्याच फुलांचा हार त्यानं बाबांवर घातला.
तक्रार केली तर काय होईल? दंड भरेल, वकील करेल, हात जोडून हसेल. नको. त्याची फुलं त्याच्या डोळ्यांदेखत काळी पडली पाहिजेत.

१ डिसेंबर
उणे चौदा. राष्ट्रीय दिन, म्हणून बुकुर सकाळीच चौकात संचलन बघायला आणि फुकटचं राजमा-सॉसेज खायला गेला. मी कॉक बंद केला, पाना लावून नळी सोडवली, तोंडाला बूच मारलं. नळीचा तुकडा टेबलावर ठेवला. मग कॉफी घेऊन खिडकीशी बसले, सिनेमाला बसावं तशी.

२ डिसेंबर
एक पाकळीसुद्धा कोमेजली नाही. काचघराच्या काचांवर वाफ धरलीय. कळ्या कालच्या दुप्पट.
नळीचा तुकडा अजून टेबलावरच आहे. लाल चाक फिरतंय.

४ डिसेंबर
दुपारी बुकुर आला. बाहेर बर्फ आणि हा नुसत्या बनियनवर, अंगातून घामाच्या धारा. कशाला हात लावलास म्हणून विचारलं. मी म्हणाले, "उचकी लागली असेल मीटरला, काका."
बॉयलर विझवला, पाणी काढून टाकलं, तरी वरच्या भिंतींना हात लाववत नाही म्हणाला. मग आवाज खाली आणून विचारलं की तुला खोकला झालाय का. त्याला पाइपातून खोकला ऐकू येतो. म्हाताऱ्या माणसाचा.
मी काळजीचा चेहरा केला. तो गेल्यावर स्वयंपाकघरात नाचले. खरंच नाचले.

५ डिसेंबर
मीटर उलटं चालतंय. आकडे उतरताहेत, भराभर. जेवढी ऊब त्यानं नेली तेवढी त्याला एकदमच परत मिळतेय.
वसूल करा, बाबा. सोडू नका.

७ डिसेंबर
बुकुर सकाळपासून अंगणात स्टुलावर बसलेला. त्याच्याभोवती बर्फ वितळून चिखल झालेला. मला बघून गुडघ्यांवर आला. मी केलं, म्हणाला, जोड मीच मारला, तो म्हातारा निर्दोष होता. कागदावर लिहून दिलं, सही केली.
कागद घेतला आणि मग सांगितलं मी कोणाची मुलगी. त्यानं माझे पाय धरले. "त्याला थांबायला सांग, पोरी!"
मी म्हणाले, ते थंडीत काकुळतीला आले होते, तेव्हा तू थांबलास? आणि दार लावलं.

८ डिसेंबर
मावशींच्या किंकाळीनं जाग आली. काचघरात पडला होता. ओठ फुटलेले, कातडी तव्यावरच्या पापडासारखी. डॉक्टर म्हणाले हृदय. शेवंती मुळापर्यंत जळालेली.
त्याचा कागद मी फाटकावर डकवला. सगळ्या गल्लीनं वाचला. मावशी रडल्या, सिल्विऊच्या नावानं मेणबत्ती लावते म्हणाल्या.
संपलं.

९ डिसेंबर
मीटर थांबलं नाही.
बुकुर नाही, काचघर थंड आहे, आणि आकडे उतरतच आहेत. कुणासाठी?

१० डिसेंबर
शेगडी पेटलीय. ज्योत निळी, उंच. हात धरला. ऊब नाही. ज्योतीत बोट घातलं तरी — काही नाही. वर ठेवलेल्या किटलीत बर्फ धरलं.
खोकला आता या खोलीत येतो.

११ डिसेंबर
दार उघडत नाही. कुलपात बर्फ. काच फोडायला गेले तर पान्याला बोटं चिकटली, कातडं निघालं. ओरडले. रस्त्यापलीकडून मावशींनी हात हलवला. हसल्या. त्यांना वाटलं मी —

दुपार
शाई गोठली. पेन्सिलीनं लिहितेय. आकडे कुणासाठी उतरताहेत ते मला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.
दोन फेब्रुवारीला बाबांचा फोन आला होता. तीन आठवडे गॅस नाही म्हणाले. मी त्यांचं खरं मानलं नाही. कधीच मानलं नाही. म्हणूनच तर बघायला आले, ते गेल्यावर —

मी म्हणाले होते, "सगळे चोर असंच म्हणतात, बाबा." हो, हेच शब्द. ते खोकले. मग म्हणाले, बरं, पोरी, तू जेवून घे.
लिहिलं. लिहिलं ना, बाबा. आता —

मीटर थांबलं.
मागे उभे आहेत. रागावलेले नाहीत. थंडी वाजते का विचारताहेत. स्वतःचा कोट काढून माझ्या खांद्यावर — ओला आहे, बाबा, किती जड — एकेक बटण लावताहेत, लहानपणी लावायचे तसं — गळ्याचं नको, बाबा, श्वास घेता —