अर्जावरची पहिली सही

प्रिय संघर्ष,

जयभीम. मामाची भातकापणी कुठवर आली? विळा जपून धर, आणि सकाळी पळायचं सोडू नकोस. मैदानी झाली, लेखी झाली, म्हणून लगेच पाय पसरायचे नाहीत. पोलीस भरतीची शेवटची यादी लागेपर्यंत मला घास गोड लागणार नाही. नाव लागलं की चारित्र्य पडताळणी होते, एक गुन्हा निघाला तरी सगळं मुसळ केरात, हे तूच सांगितलंस. तेव्हापासून कॉलनीत कुणी मोठ्याने भांडलं तरी माझी नजर आधी तुला शोधते.

इकडे अभ्यासिका पाडायची नोटीस अजून दारावरच आहे. तू दोन वर्षं ज्या खिडकीशी बसलास, तिथे आता शेजारची पिंकी दहावीची पुस्तकं घेऊन बसते. ती वाचवायला काढायच्या शनिवारच्या मोर्चाला परवानगी आलेली नाही. त्यात चौकात जमावबंदीचा कागद लागलाय, पंधरा दिवस पाच किंवा जास्त माणसांनी परवानगीशिवाय जमायचं नाही. आपल्या गल्लीतल्या बायडाबाईने त्यावर तोडगा काढला, की आपण चौघी-चौघींनी लांब लांब उभं राहू. काल माझ्या अंगणवाडीपुढे तालीमसुद्धा झाली. पाच मिनिटांत या घोळक्याचं त्या घोळक्याला ऐकू येईना, म्हणून बायका सरकत सरकत जवळ आल्या. मोजलं तर एकोणीस! "आपल्याला लांबून बोलताच येत नाय, लय वाईट खोड हाय," असं बायडाबाईच म्हणाली. मी पोट धरून हसले. मग लक्षात आलं, चौकातही हेच होणार.

तुझा अर्ज आठवतो ना? मोर्चाचा मार्ग, वेळ, माणसं किती, भोंगा लावणार की नाही, सगळं तुझ्या टपोऱ्या अक्षरात. खाली पाच आयोजकांत पहिली सही तुझी, मोबाईल नंबरासकट. मला अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. पण सोमवारी तू मैदानावर पळायला गेला असताना हवालदार तुझ्या नावाची नोटीस घेऊन आले. त्यात लिहिलंय, आदेश मोडला किंवा काही बरंवाईट घडलं, तर आयोजकांवर गुन्हा दाखल होईल. मी ती घेतली आणि तांदळाच्या डब्यात दडवली.

तर ऐक. मामाची कंबर ठणठणीत आहे. कंबर धरलीय, कापणीला ये, हे खोटं त्याला मीच बोलायला लावलं. मंगळवारी तुला इगतपुरीच्या गाडीत बसवलं आणि बुधवारी बाकीच्या चौघा आयोजकांना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तुझं नाव काढून माझं घालावं, असा अर्ज दिला. साहेबांनी विचारलं, बाई, उद्या काही झालं तर निस्तरायला तुम्हीच याल ना? मी हो म्हणाले. पहिली सही आता माझी आहे. परवानगी येईलसं वाटत नाही, आणि बायका काही थांबायच्या नाहीत. त्यांना एकटं सोडून मीही घरी बसणार नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे मामाच्या चैतालीबरोबर पाठवतेय. आज शुक्रवार, संध्याकाळी ती घरी पोचेल. उद्या पहाटेच्या गाडीने येतो म्हणाला होतास, ते येऊ नकोस. माझ्यावर हवा तेवढा राग काढ, पण येऊ नकोस. मला भीती वाटते रे, ठाण्यात बसवून ठेवलं तर काय बोलायचं तेही मला कळत नाही. पण तुझ्या भरतीच्या फॉर्मची झेरॉक्स मी दोनदा वाचली. तुमच्यावर गुन्हा दाखल आहे का, एवढंच त्यात विचारलंय. आईसाठी रकाना नाही.

तुझीच,
हट्टी आई