आठ आठवड्यांची शपथ

सोलापूर, १६ जून १९७८

चि. विरुपाक्ष यास शरणम्माअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं सर्व ठीक, असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिलं. ठीक काय बी न्हाय.

कुणाला इचारून सही केलीस रे तू? आठ आठवडे हिब्रू सोडून दुसऱ्या भाषेत बोलणार न्हाय, लिहिणार न्हाय, वाचणार न्हाय, अशी शपथ घेतली म्हणून कार्ड टाकतोस, आणि खाली लिहितोस काळजी नको! अव्वा गेल्यावर आईच्या जागी मी तुला वाढवलं, ते अमेरिकेत जाऊन मुका व्हायला? मेलेल्या ज्यू व्यापाऱ्यांची आठशे वर्षांपूर्वीची पत्रं वाचायला शिकतोस, आणि जित्या बहिणीच्या पत्राला बंदी! कॉलेजात इतिहास शिकवायला एवढं लागतं व्हय? शेजारची बजाबाई इचारती, तुमच्या होणाऱ्या जावयाला वाचा कधी फुटणार. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला हाय की वाचा, काय उपेग झाला?

आता कामाचं. माझ्या दाक्षायणीच्या बारशाला अव्वानं तिला तुझ्या मांडीवर ठेवली आणि चार माणसांत सांगितलं, भाची मामालाच द्यायची. तू दहा वर्षांचा होतास, मान हलवलीस. पोरगी आता एकोणीसची झाली. मोहोळचं चांगलं स्थळ मी माघारी लावलं, मामाची हाय म्हणून. परक्याच्या कागदावरची सही पाळतोस, मग आईचा शब्द बी पाळ. दिवाळीनंतर लग्न धरू का, एवढं कळव. शपथ मोडली तर पाप माझ्या डोक्यावर.

माया हाय ती तशीच ठेव, आटली तर तितं येऊन कान पिळीन.

तुझी अक्का

अमेरिका, १ जुलै १९७८

ती. अक्काच्या चरणी विरुपाक्षाचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार दिवस न उघडता ठेवलं होतं. शेवटी आमच्या बाईंकडून एका पानाची सूट मागून घेतली. इथं जेवतानाही हिब्रूच बोलायचं. पहिल्या आठवड्यात मीठ मागता येईना, अळणीच खाल्लं. आता उजवीकडून वाचताना ओळीवर बोट ठेवावं लागत नाही. काल एका व्यापाऱ्याच्या पत्राची पहिली ओळ माझी मला लागली. तोही घरच्यांचं कुशलच विचारत होता. डोळे भरून आले गं.

दाक्षीचं म्हणशील तर घाई नको. तिचं बी.ए. होऊ दे. पान भरत आलं. अठ्ठावीसला अभ्यासक्रम संपतो, मग सविस्तर लिहितो. भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ रागासकट हवा आहे.

विरुपाक्ष

सोलापूर, १३ जुलै १९७८

ती. विरूमामास दाक्षायणीचा नमस्कार.

हे मैत्रिणीच्या घरी बसून लिहिते आहे. तू 'सविस्तर लिहितो' म्हणालास तेवढ्यावर आई शालू बघून आली. मामा, तू निघालास त्या दिवशी स्टेशनवर तूच मला म्हणालास की तुलाही हे लग्न नको आहे, आणि आईला तूच सांगशील. मग अजून का सांगत नाहीस?

ज्यानं बोट धरून मला अक्षरं गिरवायला लावली, त्याच्याशी लग्न माझ्यानं होणार नाही. मला बी.ए. करून शिक्षिका व्हायचं आहे. तू नको म्हणालास तर आई ओरडेल, रडेल, आणि महिन्यानं तुला चिवडा पाठवेल. मी म्हणाले तर मला उंबऱ्याबाहेर पडू देणार नाही. म्हणून 'नको' तुझ्या तोंडून जाऊ दे. माझं नाव घेऊ नकोस. हे पत्र फाडून टाक.

तुझ्यावर भरवसा ठेवून बसलेली,
दाक्षी

अमेरिका, २८ जुलै १९७८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

आज शपथ सुटली. सगळे एकदम आपापल्या भाषेत बोलायला लागले. मराठी मी एकटाच, म्हणून हे पत्र. वर्गात दुसरा आलो. विद्यापीठानं आणखी एक वर्ष ठेवून घेतलं आहे.

लग्नाचं आता स्पष्ट लिहितो. अव्वाच्या शब्दाला माझी हरकत कधीच नव्हती. पण दाक्षीलाच हे नको आहे. तिच्या मनाविरुद्ध मी कसा जाऊ? तुला खोटं वाटेल म्हणून तिच्या पत्राचं दुसरं पान सोबत ठेवतो. पहिल्या पानावर किरकोळ मजकूर आहे. तिला रागावू नकोस, लहान आहे. माझ्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.

विरुपाक्ष

सोलापूर, ८ ऑगस्ट १९७८

चि. विरुपाक्ष यास आशीर्वाद. वि. वि. रागावू नको लिहिलंस. रागावले न्हाय, कानाखाली जाळ काढला. कॉलेज बंद केलं. पुस्तकं रद्दीवाल्याच्या दुकानात पडली हायत. तिचा बाप मधे पडला, त्याला त्याच्या दुकानावर हाकलला.

होटगीचा रुद्रप्पा तुला ठावं हाय. बेचाळीस वर्षांचा, बायको गेली, दोन पोरं पदरात. त्याला शिकलेली नको, भाकरी थापणारी पायजे. येत्या अठ्ठावीसला, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सुपारी फोडायला येतो म्हणाला. मी ये म्हटलं.

पण एक इचारते. पहिलं पान कुटं हाय? पोरगी मार खाऊन बी एकच सांगती, स्टेशनवर मामाच नको म्हणाला, तेच पहिल्या पानावर हाय. तू लिहितोस हरकत कधीच नव्हती. तुझं कागदावर हाय, तिचं नुसतं तोंडी. मी चार बुकं शिकलेली बाई, मला कागदच खरा वाटतो. पण तुला मी वाढवलाय. लहानपणी मडकं फोडून तू भाचीकडं बोट दाखवायचास, ते बी मला याद हाय.

हरकत नव्हती हे खरं असलं तर कळव, ये, आणि हळद लाव. पोरीची इच्छा मी इचारत न्हाय. खोटं असलं तर तसं कबूल कर. मग रुद्रप्पाला मी माघारी लावते, पुस्तकं सोडवून आणते, आणि तुझं तोंड बघत न्हाय. तिनं या पत्रात दोन ओळी लिहू दे म्हणून पाय धरले. दिल्या न्हाईत. तिला जे लिहायचं ते तिनं एकदा तुला लिहिलं.

आता शपथ सुटली तुझी, सबब उरली न्हाय. पत्रानं भागायचं न्हाय, तार कर. खरं का खोटं, एकच शब्द टाक. शनिवारी सव्वीस तारखेला पोस्ट बंद व्हायच्या आत माझ्या हातात पायजे.

अक्का