ओट्यावरचा वजनकाटा

ताई,

भंगाराच्या पिशवीतला वजनकाटा मी परत काढून ओट्यावर ठेवलाय. तो बिघडलेला नाही. सकाळी साफ केला. आधी सेल काढले, मग फडकं घट्ट पिळून पुसला, बटणांच्या कडेचं पीठ काडीने काढलं. नळाखाली धरायचा नाही, घासणी लावायची नाही आणि वर डबे रचायचे नाहीत. तुला सवय आहे म्हणून सांगतोय. पुरता वाळला की सेल घाल आणि साखरेचा बंद पुडा ठेवून बघ. मी बघितला, किलोला किलो भरला.

आई गेल्यापासून तू म्हणतेस, काट्याने आपल्याला फसवलं. ती रोज एवढं खात होती तर वाळली कशी, असं डॉक्टरांनाही विचारलंस. तोंडावर बोलवत नाही, म्हणून कामावर जाताना लिहितोय.

तू ताट मोजून द्यायचीस आणि उरलेलं पुन्हा मोजायचीस. मधल्या वेळात तिच्याजवळ मी बसायचो. तिला घास उतरत नव्हता गं. ताट माझ्याकडे सरकवून म्हणायची, "तू खा. ताट रिकामं दिसलं की ताईला बरं वाटतं."

मी खात गेलो. संध्याकाळी घरी आलो की काय बोलायचं ते बोल, पण काटा टाकू नकोस.

शेवटच्या गुरुवारी वहीत 'भात एकशे ऐंशी ग्रॅम' लिहून तू किती खूश झालीस. त्यातलं एक शीतही तिच्या पोटात गेलं नव्हतं.