उजवा पाय

बुलढाणा, मंगळवार, १२ जानेवारी १९६५

आज कॉलेजच्या ग्राउंडवर जे दिसलं ते काही केल्या डोक्यातून जात नाही. माझी सगळी पोरं बास्केटमध्ये बॉल टाकताना उजवा पाय वर धरतात आणि एकट्या डाव्यावर उतरतात. सोनाळ्याचा वसंता तर तसं करताना दोनदा आपटला.

मी चिडलोच. "काऊन बे, दुसरा पाय काय घरी ठेवून आला?"

तो गोंधळला. "सर, तुमीच तं असे टाकता. आमी तुमाले पाहूनच शिकून राह्यलो."

उजवा गुडघा मोडला, खेळ सुटला, तेव्हाच तर मी कोच झालो. दुखतं म्हणून तो पाय टेकवत नाही, हे पोरांना कधी सांगितलंच नाही. का नाही? लाज, दुसरं काय! त्यांना वाटलं, हीच चांगल्या खेळाडूची ऐट.

खेळत होतो तेव्हा लोक मला बघायला चिखलीहून सायकली हाणत यायचे. आता तोच उजवा पाय उशीवर ठेवून हे लिहितोय. आणि उद्या ग्राउंडवर उभं राहून पोरांना म्हणायचं आहे, "माह्याकडे पाहू नका रे."