मैत्री घाटाचा वारस

मी, ड्रिमसिबॉन खाँगथॉ, वय वर्षे एकाहत्तर, धंदा संत्री, विड्याची पानं व तमालपत्र सीमेपलीकडे विकणे, राहणार नोंगस्डेर, मेघालय, खाली लिहिते ते पूर्ण शुद्धीत लिहिते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. हा कागद कुणी धाक घालून लिहून घेतलेला नाही. तसा कागद माझ्या हातून आयुष्यात एकच झाला, त्याची हकीगत कलम तीनमध्ये आहे. माझं आधीचं मृत्युपत्र माझा भाऊ पिनशाई याने स्वतःच्या अक्षरात लिहून माझ्यापुढे सहीला ठेवलं होतं. ते रद्द समजावं. चुलीत घातलं आहे, शोधू नये.

कलम १. राहतं घर माझं नव्हेच. ते आईकडून आलं, रिवाजाप्रमाणे ते धाकट्या लेकीचं, म्हणजे इलारिसाचं. मामाला मान द्यायची आपली रीत म्हणून मधल्या खोलीत पिनशाईच्या समितीची कपाटं ठेवू दिली होती. मी जाताच ती बाहेर काढावीत. पाऊस असला तर पावसात.

कलम २. उतारावरची संत्र्याची बाग माझ्या स्वकष्टाची आहे. तीही इलारिसाला देते. मात्र नदीकडची शेवटची ओळ पलीकडच्या जहूरा खातूनची. जहूरा बांगलादेशातली, शीतलपाटीच्या चटया आणि सुकी मासळी विकणारी. सीमेवरचा हाट सरकारने भरवला त्याच्या कितीतरी आधीपासून आमची देवघेव होती. ती तिच्या बोलीत बोले, मी माझ्या. भांडायला तेवढं पुरत असे. त्या ओळीचं फळ दरवर्षी डावकीच्या सीमेवरल्या फाटकातून तिच्या दारी जावं. तिने परत पाठवलं तर नदीत ओतावं. विकू नये.

कलम ३. दोन देशांत ये-जा वाढावी, पलीकडचे पर्यटक इकडे यावेत, इकडचा माल तिकडे जावा, म्हणून पिनशाईने 'सीमा व्यापार व पर्यटन मैत्री समिती' काढली आणि स्वतःच अध्यक्ष झाला. नदीकाठच्या माझ्या घाटाला न विचारता 'मैत्री घाट' अशी पाटी लावली. व्यासपीठावर तो रडत असे. "पलीकडची माणसं आमच्या रक्ताची आहेत," म्हणे. खाली उतरला की त्याच माणसांनी वापरलेला पेला वेगळा काढून ठेवी. हे मी पाहिलेलं आहे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये समितीने उत्सव केला. पलीकडून पाहुणे आले, त्यांत जहूराची धाकटी लेक रुबिना होती. वय एकोणीस, लग्न ठरलेलं. पाहुण्यांना होडीत बसवून नदीच्या मधोमध फोटो काढायचे होते. नावाडी होता गावातला स्टेल्डिंग पोथ्मी. मी घाटावर संत्र्यांच्या टोपल्या घेऊन उभी होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

आमच्यात पुरुषाला मानाने बाह म्हणतात, बाईला कोंग. स्टेल्डिंग पिनशाईला म्हणाला, "बाह, ही पाच जणांची होडी. अकरा कसे बसवू?"

"अरे, पाहुणे आहेत ते, दगड नाहीत. जरा सरकून बसतील."

"मग जाकिटं तरी द्या. तुमच्या खोलीत वीस पडलीत."

"नटूनथटून आलेल्या पोरींवर ती नारिंगी पोती चढवू? फोटो राजधानीत जायचेत. तुला नसेल जमत तर वल्हं ठेव, दुसरा बघतो."

दुसरा म्हणजे पिनशाईचा मेहुणा. त्याला धड वल्हवता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून स्टेल्डिंग बसला. मधोमध गेल्यावर काठावरून फोटोवाला ओरडला, "सगळे इकडे बघा!" आणि सगळे एका अंगाला झुकले.

पाणी इतकं नितळ की तळ दिसतो. रुबिना आम्हाला बुडताना दिसली. स्टेल्डिंगने चौघांना वर काढलं, बाकीचे कसेबसे काठाला लागले. पाचव्या बुडीला त्याने तिला आणलं, तेव्हा उशीर झाला होता.

चार दिवसांनी पिनशाई पोलिसांत द्यायचा माझा जबाब स्वतःच लिहून घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की नावाडी दारू प्यायला होता, समितीने दिलेली जाकिटं त्याने नाकारली. स्टेल्डिंगने उभ्या जन्मात सुपारीपलीकडे काही तोंडात घातलेलं नाही.

"कोंग, सही कर," तो म्हणाला. "समितीवर ठपका आला तर फाटक बंद. तुझी संत्री इथेच सडतील, आणि गावातल्या प्रत्येकाची. एका नावाड्यासाठी?"

मी सही केली. फाटक उघडं राहिलं. संत्री गेली. स्टेल्डिंगचा परवाना गेला, होडी गेली. दोन हिवाळे तो नदीपात्रात दगड फोडतो आहे. त्याच्या बायकोला पाणवठ्यावर बायका जागा देत नाहीत.

जहूरा हाटात आली होती. माल आणला नव्हता. "तू घाटावर होतीस ना? खरं सांग, होडी कुणी भरली?" मी म्हटलं, मी संत्री वेचत होते, माझं लक्ष नव्हतं. ती उठून गेली, ती परत आली नाही.

कलम ४. सबब नदीकाठचा घाट, वरच्या पायऱ्या व शेडसह, मी स्टेल्डिंग पोथ्मी यास देते. ही भेट नाही, भरपाईही नाही. पाटी त्याने उपटावी की ठेवावी, त्याची मर्जी.

कलम ५. पिनशाईला काहीही नाही. माझ्या शवपेटीला त्याने खांदा देऊ नये. चर्चमध्ये माझ्याबद्दल बोलायला उभा राहिला तर इलारिसाने बाजाची पेटी वाजवायला सुरुवात करावी आणि तो बसेपर्यंत थांबू नये.

कलम ६. कलम चार सांगायला मी स्टेल्डिंगकडे गेले. हातोडा खाली न ठेवता तो म्हणाला, "मेल्यावर खरं बोलणार? तेव्हा तुला काय होणार आहे, कोंग? शिव्या माझी पोरं खातायत, आत्ता."

गावाच्या दरबारात, म्हणजे गावसभेत, बायका बसत नाहीत. म्हणून गेल्या शनिवारी मी दाराबाहेर उभी राहिले आणि कलम तीन मोठ्याने वाचलं. पिनशाई आतून ओरडला, "म्हातारीला भ्रम झालाय, घरी न्या!" मी दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तेव्हा गावप्रमुखांनी त्याला गप्प बसायला सांगितलं. जुना जबाब खोटा असल्याचं मी पोलिसांना लेखी कळवलं आहे. त्याची शिक्षा मला व्हायची ती होवो.

पिनशाई संध्याकाळी येऊन म्हणाला, "घराण्याचं नाक कापलंस." मी म्हटलं, "कपाटं घेऊन जा." स्टेल्डिंगही आला. उंबऱ्याबाहेर उभा राहिला. "घाट घेतो. माफी मागू नकोस, मिळणार नाही." मी मागितली नव्हती. मागायला हवी होती.

कलम तीनची नक्कल मी ट्रकवाल्याबरोबर जहूराला पाठवली. आज सकाळी निरोप आला. "गुरुवारी हाटात येते. हा कागद माझ्या तोंडावर वाच."

परवा गुरुवार. हे मृत्युपत्र मी सोबत नेते आहे.

ठिकाण : नोंगस्डेर
मंगळवार, १२ मार्च २०१९

सही : ड्रिमसिबॉन खाँगथॉ

साक्षीदार :
१. फ्लोरिंडा बुहफांग, शिक्षिका. माझ्यासमोर सही झाली.
२. हेम्बोर टोंगपेर, ट्रकचालक. माझ्यासमोर सही झाली. गुरुवारी मी त्यांना घेऊन जाणार आहे.